लाकडी भिंतीवर घोंगडी टांगताना

सागवानी भिंतीवर घोंगडी लावायची तर लोखंडी खिळे ठोकू नका. पावसाळ्यात ते गंजतात आणि लोकरीवरचा तांबूस डाग मग जात नाही. वरच्या काठाला मागून मांजरपाटाची नळी शिवून घ्या (साडीला फॉल लावतो तशी, हातानेच), तीत लाकडी पट्टी सरकवा आणि ती पितळी आकड्यांवर टांगा. खालचा काठ मोकळाच बरा. ओल्या हवेत फळ्या रुंदीत फुगतात, चारी बाजूंनी ठोकलेली घोंगडी तेव्हा ओढली जाते. मागे दोनेक इंच पोकळी ठेवली, तर खोलीतला आवाजही कमी घुमतो. नवी घोंगडी कडक असते ती चिंचोक्याच्या खळीमुळे. ती आधी थंड पाण्यात धुऊन काढा, नाहीतर किड्यांना आयतं जेवण. कसर लागते का, हे अधूनमधून मागची बाजू उलटून बघा.