बाळाला जुलाब लागले तर: ओआरएस बनवावे कसे, पाजावे कसे

जून उजाडला की चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत गोव्यातल्या बालरुग्ण कक्षांत जुलाब-उलट्यांची मुले येतच राहतात. आईवडिलांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘सिस्टर, जुलाब बंद व्हायचे औषध कधी देणार?’ लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्याभरात, आपोआप थांबतात. जिवावर बेतते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून घरच्यांचे काम एकच: जेवढे बाहेर गेले तेवढे तोंडावाटे परत आत घालणे. त्यासाठीच ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची साखर-क्षारांची पूड.

हे काम घरच्या माणसांना जमते, याचा दाखला 1971 सालचा आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. 30 टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. पाजणाऱ्यांत नर्स मोजक्याच होत्या, बाकी सगळे आई, बाप, भाऊ. आतड्यातून ग्लुकोज आत शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि मिठामागून पाणी जाते, म्हणून हे मिश्रण चालते. तिघांचे प्रमाण बिघडले की काम होत नाही.

आधी पाकीट वाचा

फार्मसीत किंवा आरोग्य केंद्रात मिळणारे ओआरएसचे मोठे पाकीट सुमारे 21 ग्रॅमचे असते आणि ते 1 लिटर पाण्यासाठी असते. छोटे पाकीट 200 मिलिलिटरचे. पाकिटावर पाण्याचे माप छापलेले असते, ते बघितल्याशिवाय फोडू नका.

चुका बहुधा मिसळतानाच होतात. कुणी मोठ्या पाकिटातली एक चमचा पूड अर्ध्या पेल्यात टाकते, उरलेली गुंडाळून ठेवते. मग द्रावण कधी फार खारट होते, कधी नुसते पाणी. फार खारट द्रावणाने बाळाचे नुकसान होते. पाकीट एकदाच, पूर्ण रिकामे करा. मापासाठी पाण्याची 1 लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरा. घरातल्या तांब्याचा अंदाज नको. पाणी उकळून थंड केलेले घ्या. पावसात विहिरीचे पाणी गढूळ झालेले असते, तेव्हा तर उकळाच. पूड मिसळल्यावर मात्र द्रावण पुन्हा उकळायचे नाही. त्यात साखर, दूध, सरबत काहीही घालू नका. झाकून ठेवा आणि 24 तासांत संपले नाही तर ओतून द्या.

दुकानात ‘ओआरएस’ नावाखाली खोक्यातली गोड पेयेही विकली जात. त्यांत साखर जास्त, मीठ कमी, आणि जादा साखरेने जुलाब वाढतात. 2025च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली. तरी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे आहे का, हे पाहूनच घ्या.

रात्री फार्मसी बंद, पाकीट नाही, अशा वेळी 1 लिटर पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चव घेऊन बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर टाकून पुन्हा बनवा. ही सोय रात्रीपुरतीच, सकाळी पाकीट आणा.

पाजायचे कसे

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200. दोन महिन्यांखालचे बाळ असेल तर घरी प्रयोग करू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

‘पाजले, पण सगळे ओकले’ ही तक्रार रोजची. तहानलेले मूल पेला हातात येताच गटागटा पिते आणि पोट ते फेकून देते. वाटी-चमचा घ्या आणि दर मिनिटाला एक छोटा चमचा द्या. 5 मिलिलिटरचा चमचा धरला तर तासात 300 मिलिलिटर पोटात जाते. काम कंटाळवाणे आहे, म्हणून आई, बाबा, आजी यांनी पाळी लावावी. उलटी झालीच तर 10 मिनिटे थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा असे सुरू करा. दुधाची बाटली या दिवसांत बाजूलाच ठेवा, तिचे बूच नीट स्वच्छ होत नाही.

मी आईबाबांना ओआरएस माझ्यासमोर बनवायला लावते, आणि दिवसा बाळ ज्यांच्याकडे असते त्या आजीलाही. ‘समजले ना?’ म्हटले की सगळे मान डोलावतात. ‘आता घरी जाऊन काय करणार, सांगा बघू’ म्हटले की काय राहिले ते कळते.

पेज, शहाळे आणि आजीचे उपाय

अंगावरचे दूध एक वेळही बंद करू नका. सहा महिन्यांपुढच्या बाळाला नेहमीचे मऊ जेवण चालू ठेवा. उकड्या तांदळाची पेज चिमूटभर मीठ घालून द्या, या आजारात आपल्याकडचे इतके सोयीचे अन्न दुसरे नाही. मऊ भात-डाळ, केळे, दहीही चालते. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायची पद्धत मात्र सोडा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, मीठ कमी. वरून थोडे प्यायले तर हरकत नाही, ओआरएसच्या जागी नको. कोल्ड्रिंक आणि चहा अजिबात नको.

टाळू बसली म्हणून तेल भरतात. टाळू खोल जाणे हे अंगातले पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे, आणि ती भरते तोंडातून गेलेल्या पाण्याने. दृष्ट काढायची तर जरूर काढा, तोवर दुसऱ्या कुणीतरी चमचा चालू ठेवावा.

ओआरएससोबत झिंक द्या. सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांत अर्धी, चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून. एकूण 14 दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की लोक गोळी सोडतात, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळायला तिचा उपयोग होतो. जुलाब थांबवणाऱ्या, मोठ्यांच्या लोपेरामाइडच्या गोळ्या मुलांना कधीही नको, आणि मागच्या आजारातले उरलेले अँटिबायोटिकही नको.

इस्पितळात कधी

डायपर काढून सुती लंगोट बांधा. डायपर लघवी शोषून घेतो आणि ती झाली की नाही तेच कळत नाही. कागदावर वेळा मांडा: शौच, उलटी, लघवी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट न होता हळूहळू बसली, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, सहा-आठ तास लघवी नाही, तर थांबू नका. शौचात रक्त, पाजलेले सगळे बाहेर, अंगात ताप, किंवा मूल ग्लानीत आहे, चमचा तोंडाशी नेला तरी पीत नाही, तरीही निघा.

चवथीच्या दिवसांत खासगी दवाखाने बंद असतात, पण म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तातडीचा विभाग चालू असतो. गाडी नसेल तर 108. वाळपईच्या पुढच्या गावातून बांबोळी गाठायला तासाहून अधिक लागतो. मूल जागे असून पीत असेल तर वाटेतही चमचा थांबवू नका. वेळांचा कागद आणि औषधांची पाकिटे सोबत घ्या. डॉक्टर विचारतील ‘लघवी कधी झाली?’, तेव्हा अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा कागद पुढे करा.

मूल बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्या, उतरलेले वजन भरून येते. लसीकरणाचे कार्डही काढून बघा. जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूविरुद्धची लस तोंडातून देतात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, सरकारी केंद्रात फुकट. पहिला डोस चुकला असेल आणि बाळ अजून वर्षाचे झाले नसेल, तर लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जा.