जपानी संस्थेला अनुदान देताना 'निन्तेई' पाहा

जपानमधल्या संस्थेला कंपनीतर्फे अनुदान द्यायचंय? नावापुढे 'एनपीओ', म्हणजे ना-नफा संस्था, असं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. 1995च्या कोबे भूकंपात स्वयंसेवक लाखोंनी धावून आले, त्यातूनच 1998चा एनपीओ कायदा झाला आणि नोंदणी सोपी झाली. पण जपानमध्ये कर भरणाऱ्या कंपनीला देणगीवरची खास करसवलत मिळते ती 'निन्तेई', म्हणजे प्रमाणित, संस्थेला दिल्यावर. हे प्रमाणपत्र 5 वर्षांचं असतं, मुदत बघाच. जपानी मंत्रिमंडळ कार्यालयाच्या एनपीओ पोर्टलवर संस्थेची माहिती मोफत शोधता येते, दुभाषी सोबत घेऊन बसा.

आणि मनापासून सांगते, सगळा निधी प्रकल्पालाच बांधू नका. ऑफिसचं भाडं, हिशेब लिहिणाऱ्याचा पगार यांनाही त्यात जागा ठेवा. दोन-तीन माणसांवर चालणारी संस्था तिथेच दमते.