फोन कॉम्प्युटरला दिसत नाही? फॉरमॅट मारण्याआधी केबल बघा

अमळनेरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वैशाखात लग्नं सुरू झाली, फोनची मेमरी भरली, की रोज कोणीतरी दारात उभं असतं: "भाऊ, फोन लायेल शे, पन काही दिखत नही." तोवर त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून तीन सॉफ्टवेअर टाकलेली असतात, फोन रिसेट करायचीही तयारी झालेली असते. एवढं काही लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर अँड्रॉइड फोनसाठी सहसा वेगळं काहीच टाकावं लागत नाही.

घोडं अडतं ते केबलीपाशी.

दुकान नवीन होतं तेव्हा एका हळदीचे व्हिडिओ काढून द्यायचे होते. फोन लावला, चार्जिंग सुरू झालं, कॉम्प्युटरवर मात्र शुकशुकाट. ड्रायव्हर (फोन ओळखायला लागणारी सॉफ्टवेअरं) बदलले, दुसऱ्या दिवशी विंडोज नव्याने टाकलं, त्यात माझीच सहा महिन्यांची बिलं गेली. तिसऱ्या दिवशी रागाच्या भरात लॅमिनेशन कापायच्या ब्लेडने ती केबल उभी चिरली. आत दोनच तारा, लाल आणि काळी. साध्या यूएसबी केबलीत चार हव्यात: लाल-काळी वीज नेतात, हिरवी-पांढरी डेटा. बनवणाऱ्याने पैसे वाचवायला त्या दोन घातल्याच नव्हत्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सांगतो, चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली, हा समज पहिला सोडा. जाडी बघूनही कळत नाही, किंमत विचारूनही नाही. खूण एकच. फोन लावल्याबरोबर कॉम्प्युटरमधून ‘टिंग’ असा आवाज आला पाहिजे. स्पीकर चालू असून आवाज आला नाही, तर बाकी काही करू नका, केबल बदला. फोनच्या खोक्यातून आलेली असेल तर ती आधी लावून बघा. विकत घेताना ‘डेटा केबल’ म्हणून मागा आणि दुकानदाराच्याच कॉम्प्युटरला लावून बघा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. माझ्या खात्रीच्या केबलीला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि ती सख्ख्या भावालाही देत नाही.

केबल खोचायची ती सीपीयूच्या मागच्या बाजूला. पुढची छिद्रं आतल्या एका बारीक वायरने बोर्डाला जोडलेली असतात, ती सैल होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ त्यात भरते ती वेगळीच. फोन तुटक-तुटक जोडला जात असेल तर निम्म्या वेळा कारण हेच.

आवाज आला, फोनचं नावही आलं, पण उघडलं तर फोल्डर रिकामं? इथे लोक घाबरतात, फोटो उडाले म्हणून. काही उडालेलं नसतं. अँड्रॉइड जोडल्याबरोबर फक्त चार्जिंग घेतो, डेटा दाखवत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर बसस्टँडवर कुठेही चार्जिंगला लावलेला फोन कोणीही वाचला असता. फोनचं लॉक उघडा, वरून पट्टी खाली ओढा, ‘चार्जिंग… यूएसबी’ असं काहीतरी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. काही फोनांत तिथेच ‘अँड्रॉइड ऑटो’ही लिहिलेलं असतं, त्याने बिचकू नका. ‘यूएसबी डीबगिंग चालू करा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते ॲप बनवणाऱ्यांसाठी आहे, फोटो काढायला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि चालू राहिलं तर धोकाच.

पुढचं सोपं. ‘धिस पीसी’, फोनचं नाव, ‘इंटर्नल स्टोरेज’, ‘डीसीआयएम’, ‘कॅमेरा’. व्हॉट्सॲपचे फोटो अँड्रॉइड ११ पासून ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त असतात.

फोल्डर उघडल्यावर वरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते. फोन पेनड्राइव्हसारखा वागत नाही. तो एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतो, प्रत्येक फाइलची माहिती कॉम्प्युटर त्यालाच विचारतो. आठ हजार फोटो असतील तर चहा पिऊन या. मध्येच पुन्हा-पुन्हा क्लिक केलं की अडकतं. मी दोनशे-तीनशेच्या टप्प्याने घेतो.

आणि कट कधीही मारायचं नाही. कॉपीच. कट करून पेस्ट करताना केबल हलली किंवा लाईट गेली, तर काही फाइली इकडे, काही तिकडे, एखादी अर्धवट. फोनमधून अशी पुसलेली फाइल कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्येही येत नाही. आधी कॉपी करा, दोन्हीकडचा आकडा जुळवा, दोन-चार मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, मगच फोनमधून काढा. लग्नाचे व्हिडिओ परत काढता येत नाहीत. नवरदेवाला पुन्हा घोड्यावर बसवणार का?

व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवायचा सल्ला देणारेही भेटतील. फोटो म्हणून पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. बॅनर छापायला माझ्याकडे तसला फोटो आणला तर मी परत पाठवतो.

व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असेल आणि पुढे पेनड्राइव्हवर न्यायचा असेल, तर पेनड्राइव्ह आधी ‘एक्सफॅट’ या फाइली साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट करा. ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीत तो मावणार नाही, जागा कितीही रिकामी असो.

आयफोनवाल्यांनी लॉक उघडून ‘ट्रस्ट’ दाबायचं. फोटो मध्येच अडकून चूक दाखवत असतील तर सेटिंगमध्ये ‘फोटोज’मध्ये (आयओएस १८ पासून ते ‘ॲप्स’च्या आत असतं) अगदी खाली ‘कीप ओरिजिनल्स’ करा, केबल काढून पुन्हा लावा. आणि त्यांची ती पांढरी केबल मात्र मागू नका माझ्याकडे, दोन गेल्या परत न येता.