पप्पांशी पुन्हा बोलायचंय? पहिली भेट मॅचला ठेव

दहावी-अकरावीच्या वयात पप्पांशी तुटलेलं बोलणं पुन्हा जोडायचं असेल, तर आधी घरात सांग. कोल्हापुरात चोरून काही होत नाही, पेठेतली बातमी तुझ्याआधी घरी पोचते. मी मम्मीला म्हणालो, "पप्पांना भेटावंसं वाटतंय. तुझी बाजू सोडून नव्हे." ती गप्पच झाली. मग मामानं समजूत घातली. दोन्ही घरांत ज्याचं चालतं असं एक माणूस पाहिजेच. मात्र त्याच्याकडनं फक्त नंबर घे, निरोप स्वतः पाठव.

निरोप छोटा ठेव. "आम्हाला का सोडलं?" हे मोबाईलवर विचारायचं नाही. माझा असा होता: "पप्पा, मी अकरावीला आहे. रविवारी शाहू स्टेडियमला मॅच आहे. येताय का?" उत्तर आलं, "बघतो." याला नकार समजू नको. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, काम करणाऱ्याला शिफ्ट बदलून मिळाली तरच येता येतं.

फुटबॉलची मॅचच का? हॉटेलात समोरासमोर बसलं की दोघंही ताटाकडं बघत बसतात. रंकाळ्यावर संध्याकाळी कुणाची तरी मावशी भेटतेच. गॅलरीत मात्र शेजारी शेजारी बसायचं, नजर मैदानावर. बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं, समोर बॉल असतो. दीड-दोन तासांत भेट आपोआप संपते, कधी उठायचं हे कुणाला ठरवावं लागत नाही. पाटाकडील भारी की खंडोबा, या दोन तालमींच्या टीमवरनं आमची तिथंच जुंपली. बरं झालं, निदान आवाज तरी मोकळा झाला. मॅचचे दिवस नसतील तर सकाळची मिसळ. तिखटानं नाक-डोळे गळत असताना रुसून बसता येत नाही.

मम्मीबद्दल विचारलं तर "तिलाच विचारा" म्हणायचं. इकडचं तिकडं सांगणारा पोस्टमन होऊ नको. नवा मोबाईल, गाडी असलं काही देऊ केलं तर सध्या नको म्हण. आधी त्यांच्या कामाचं विचार. भट्टीबद्दल बोलताना माझे पप्पा मला पहिल्यांदा माणूस म्हणून दिसले.

मारहाण किंवा दारूमुळं तुटलं असेल तर हे सगळं बाजूला ठेव. एकट्यानं भेटायचं नाही, आणि भेटायचंच नसेल तर तेही चालतं. भीती वाटली तर १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. ताब्याची केस चालू असेल तर कोर्टानं दिलेली वेळ पाळ. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात समज आलेल्या मुलाची इच्छा कोर्टाला विचारात घेता येते, म्हणून वकिलाला तुझं म्हणणं सांग.

"का गेलात?" हा प्रश्न बऱ्याच भेटींनंतर विचार. मला उत्तर मिळालं, "तवा जमलं नाही मला." ते मला अजून पटलेलं नाही. तरी आम्ही भेटतो.

उठताना पुढची भेट ठरवून ऊठ, वार आणि वेळ सांगून. ते आले नाहीत तर एकदा फोन तू कर. त्यानंतरचा फोन त्यांनी करायचा.