पांढऱ्या पेशींचा आकडा वाचताना या चुका टाळा

हिमोग्रामचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मोबाइलवर येतो, पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) दिसतो आणि डॉक्टरांची वेळ मिळण्याआधीच घरात जंतुसंसर्गाची चर्चा सुरू होते. प्रौढांसाठी बहुतेक लॅब दर घनमिलिमीटरला 4,000 ते 11,000 पेशी ही मर्यादा छापतात. अशा मर्यादा निरोगी माणसांपैकी मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवलेल्या असतात. त्यामुळे वीस धडधाकट माणसांत एखाद्याचा आकडा त्याबाहेर जाणे हे त्या व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. 10,900 आणि 11,300 यांत कागदावर ठळक अक्षराचा फरक पडतो, शरीरात बहुधा काहीच नाही.

पुण्यात सर्रास होणारी चूक मात्र सुई टोचण्याआधीची आहे. पर्वतीच्या 103 पायऱ्या दोन-तीनदा चढायच्या, किंवा सिंहगड करून यायचे, आणि उपाशीपोटी आहोतच तर परतताना रक्तही देऊन टाकायचे. (एका फेरीत दोन कामे उरकण्याची ही काटकसर इथे महाग पडते.) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारापैकी जवळजवळ निम्म्या पेशी वाहत्या रक्तात नसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून असतात आणि मोजणीत येत नाहीत. दमवणाऱ्या श्रमाने, किंवा नुसत्या भीतीनेही, त्या सुटून प्रवाहात येतात आणि आकडा काही मिनिटांत चढतो. श्रम दीर्घ असतील, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे ही वाढ पुढे काही तास टिकते. म्हणून आदल्या दिवसापासून जोरकस व्यायाम टाळावा आणि लॅबमध्ये पोहोचल्यावर थोडा वेळ शांत बसून मगच रक्त द्यावे.

सकाळच्या मानाने दुपारनंतर हा आकडा सहसा जास्त असतो. तेव्हा मागचा रिपोर्ट सकाळचा आणि आताचा संध्याकाळचा असेल, तर ती तुलना सरळ होत नाही. धूम्रपान, गर्भारपण आणि दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही आकडा वाढतो. हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे.

टक्केवारी पाहून घाबरणे ही वेगळीच गफलत. समजा, एकूण पेशी 5,000 आहेत आणि त्यांत लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार 46 टक्के. वरची मर्यादा अनेकदा 40 टक्के छापलेली असते, म्हणून त्यापुढे खूण येते. प्रत्यक्षात 5,000 च्या 46 टक्के म्हणजे 2,300 पेशी, आणि ही संख्या प्रौढांसाठी अगदी सामान्य आहे. टक्के वाढले ते दुसऱ्या पेशी थोड्या कमी असल्यामुळे. पाहायची ती प्रत्यक्ष संख्या. अनेक रिपोर्टांत ती ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या शब्दासह खाली दिलेली असते. एककाचाही घोळ होतो: एका लॅबचे 7.2 हजार आणि दुसरीचे 7,200 एकच आहेत.

किंचित वाढलेल्या आकड्यावर घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेणे ही सर्वांत वाईट चूक. तक्रार काही नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला तपासणी पुन्हा करावी आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत, कारण वर्षानुवर्षे 3,800 च्या आसपास राहणारी निरोगी माणसेही असतात. ताप, घटणारे वजन, गाठी किंवा रात्रीचा दरदरून घाम असेल, किंवा रिपोर्टात अपरिपक्व पेशींचा उल्लेख असेल, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे.