संशोधकाचा दिवस साजरा करायचाय? आधी त्याची वस्तू लपवा

भिंतीवर फोटो, शेजारी माहितीचा तक्ता आणि लांबलचक भाषण असा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. घरी किंवा वर्गात नवी वस्तू शोधून काढणाऱ्या संशोधकाचा दिवस साजरा करायचा असेल, तर माणसाआधी वस्तूकडे वळा.

वस्तू लहान घ्या, खोलून बघता येईल अशी. विमान नको, बॉलपेन घ्या. तारीख कोणतीही चालेल. अमेरिकेत ११ फेब्रुवारीला, म्हणजे एडिसनच्या जन्मदिवशी, हा दिवस असतो. जर्मनीत तो ९ नोव्हेंबरला असतो, रेडिओ संदेशांच्या तंत्राचं पेटंट घेणाऱ्या अभिनेत्री हेडी लमार यांच्या जन्मदिवशी. मला ही दुसरी निवड जास्त आवडते.

आता मुख्य काम. आदल्या दिवशी सगळी बॉलपेनं गोळा करून ठेवा आणि सगळ्यांना शाईच्या पेनाने लिहायला लावा. बोटं माखतील, ओल्या अक्षरावरून हात फिरेल, कुणी ना कुणी कुरकुर करेल. ती कुरकुर शब्दशः लिहून घ्या. मग विचारा, तुम्ही यावर काय केलं असतं? घाई करू नका, इथे अर्धा तास गेला तरी चालेल.

त्यानंतरच नाव सांगा: लास्लो बिरो, हंगेरीतला पत्रकार. छापखान्यातली शाई चटकन वाळते हे त्याने पाहिलं होतं, पण ती इतकी घट्ट की निबातून उतरेना. म्हणून टोकाशी फिरणारी गोळी आली. रसायनं जाणणारा त्याचा भाऊ मदतीला होता. पेटंट १९३८ चं. भिंगातून ती गोळी प्रत्येकाला पाहू द्या.

एक पथ्य पाळा: सगळं श्रेय एकाच्याच पदरात टाकू नका. जॉन लाउडने १८८८ मध्येच गोळीच्या पेनाचं पेटंट घेतलं होतं. ते चामड्यावर चाले, कागदावर नीट लिहीत नसे.

पेटंटची चित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. नाव झाकून छापा आणि ओळखायला लावा. अमेरिकेचं ६२८१ क्रमांकाचं पेटंट शोधा: वॉल्टर हंटची सेफ्टी पिन, १८४९. तिचे हक्क त्याने ४०० डॉलरला विकून टाकले. मेरी अँडरसनच्या १९०३ च्या वायपरचं चित्रही ठेवा. आज प्रत्येक गाडीला वायपर असतो, पण तेव्हा तिचा वायपर विकत घ्यायला कुणी तयार झालं नाही. पैशाची ही बाजू वगळू नका, मुलांचे सगळ्यात चांगले प्रश्न इथेच येतात.

शेवटी प्रत्येकाने रोजची एक कटकट चिठ्ठीवर लिहावी, जिच्यावर अजून धड उपाय नाही. उत्तर त्याच दिवशी मागू नका. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं जॉर्ज द मेस्ट्रालने १९४१ मध्ये पाहिली, त्यावरून सुचलेल्या वेल्क्रोचं, म्हणजे दाबून चिकटणाऱ्या पट्टीचं, पेटंट मिळालं १९५५ मध्ये. चिठ्ठ्या डब्यात ठेवा, डबा पुढच्या वर्षी उघडा.