वेग एआरएमचा की चिपचा? आर्किटेक्चर आणि इम्प्लिमेंटेशन वेगळं कसं काढावं

‘एआरएम एक्स८६पेक्षा वेगवान आहे’ असं कुणी म्हटलं, की आधी विचारा: कोणती चिप? एआरएम आणि एक्स८६ ही प्रोसेसरच्या आर्किटेक्चरची नावं आहेत, चिपची नाहीत. आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्रामला दिलेला शब्द. रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागा) किती, कोणती इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेला एक हुकूम) काय करणार, हे त्यात ठरतं. तो शब्द पाळायला सिलिकॉनमध्ये जे बांधलं जातं, ते इम्प्लिमेंटेशन: पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी रांग), कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी), घड्याळाचा वेग. स्टॉपवॉच लावलं की मोजली जाते ती चिप.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका आणली तेव्हाच हा भेद स्पष्ट मांडला गेला. तिच्या मॉडेल ३० मध्ये आतली वाट फक्त ८ बिटांची होती, तरी प्रोग्रामला रजिस्टर ३२ बिटांचीच दिसत. बेरीज तुकड्यातुकड्याने व्हायची, उत्तर मात्र मोठ्या मॉडेलवर येई तेच.

‘मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर १६ बिटी की ३२ बिटी?’ हा वाद म्हणूनच संपत नाही. रजिस्टर ३२ बिटांची, बाहेरची डेटा बस (मेमरीशी डेटाची ने-आण करणाऱ्या तारा) १६ ची, आणि मेमरीतल्या पत्त्याचे २४ च बिट चिपबाहेर येत. बिट कशाचे, हे सांगितल्याशिवाय उत्तर देऊ नका. पत्त्याचे वरचे ८ बिट रिकामेच आहेत म्हणून हाच प्रोसेसर असलेल्या सुरुवातीच्या मॅकिंटॉशवर काही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्यात स्वतःच्या खुणा ठेवल्या. पुढे त्याच घराण्यातला ६८०२० पूर्ण ३२ बिटांचा पत्ता वापरू लागला, तेव्हा असे प्रोग्राम अडचणीत आले. चिपच्या सवयीला त्यांनी करार मानलं होतं.

हा फरक हाताने बघायचा असेल तर रास्पबेरी पाय ३ आणि पाय ४ हे छोटे, एका पाटीवरचे संगणक घ्या. पहिल्यात कॉर्टेक्स-ए५३ हा प्रोसेसर, दुसऱ्यात कॉर्टेक्स-ए७२. आर्किटेक्चर दोन्हींचं एआरएमव्ही८-ए, पण ए५३ इन्स्ट्रक्शन क्रमाने चालवतो आणि ए७२ क्रम मोडून. दोन्हींवर एकच ६४ बिटी लिनक्स टाका. छोटा सी प्रोग्राम जीसीसी या कंपायलरने स्टॅटिक (लागणाऱ्या लायब्ररी आतच घेऊन) बांधा, ‘एम-आर्च’ (-march, कोणत्या आर्किटेक्चरसाठी) पर्यायात साधं एआरएमव्ही८-ए द्या आणि तीच फाइल दोन्हींवर न्या. आउटपुटचा चेकसम (त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा, तो सारखा यायला हवा. मग वेळ पाच वेळा मोजा. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा फाइल कार्डावरून वाचली जाते. चिप ८० अंशांच्या पुढे तापली तर स्वतःच वेग कमी करते, तेव्हा तापमानही लिहून ठेवा.

जीसीसीचे दोन पर्याय हाच भेद दाखवतात. ‘एम-आर्च’ चुकला तर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरू शकतो. ‘एम-ट्यून’ (-mtune, कोणत्या चिपवर वेगवान चालावा) चुकला तर फार तर हळू चालेल. एक फसवी जागा आहे: एईएस या गुप्तलेखन पद्धतीच्या इन्स्ट्रक्शन एआरएमव्ही८-ए मध्ये ऐच्छिक आहेत. त्या पाय ४ मध्ये नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. म्हणून नुसतं ‘एआरएमव्ही८’ म्हणून भागत नाही, एक्स्टेन्शनही (अशा ऐच्छिक जोडण्या) सांगावी लागतात.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते इथे. ‘माझ्याकडे चालतं, म्हणजे आर्किटेक्चर तशी हमी देतं’ हा तर्क चुकीचा आहे. समजा, एक थ्रेड (एकाच प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा धागा) आधी डेटा लिहितो आणि मग ‘तयार’चा झेंडा वर करतो. दुसरा थ्रेड झेंडा बघून डेटा उचलतो. एआरएमच्या करारात ही दोन लिखाणं दुसऱ्या कोअरला (चिपमधल्या दुसऱ्या प्रोसेसरला) उलट्या क्रमाने दिसू शकतात, वाचणाऱ्याची दोन वाचनंही मागेपुढे होऊ शकतात. साध्या चिपवर तसं क्वचित घडेल, कदाचित कधीच नाही. तोच प्रोग्राम क्रम मोडणाऱ्या चिपवर महिन्यातून एकदा जुना डेटा उचलेल, आणि दोष चिपला दिला जाईल. दोष प्रोग्रामचा आहे. झेंडा सी११ (सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणाच्या) अ‍ॅटॉमिक प्रकाराचा करा, लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘अ‍ॅक्वायर’ वापरा, म्हणजे हा क्रम पाळला जातो.

म्हणून हमी शोधायची ती आर्किटेक्चरच्या मॅन्युअलमध्ये. इंटेलचं ऑप्टिमायझेशन मॅन्युअल किंवा एखाद्या कॉर्टेक्सचं तांत्रिक मॅन्युअल मुख्यतः त्या त्या चिपबद्दल बोलतं, आणि पुढच्या चिपमध्ये ते बदललं तर तक्रार करायला जागा नसते.